सिंहगडावरचे दारूकोठार

सिंहगडावर पुणेकर दोन कारणांसाठी जातो. एक इतिहास आणि दुसरे पिठले-भाकरी. यातले पहिले कारण घरून निघताना सांगायचे असते आणि दुसरे गडावर पाऊल टाकल्याबरोबर आठवते. पुणे दरवाजाच्या एकामागून एक अशा तीन वेशी ओलांडल्या की नाकात चुलीचा धूर आणि ठेच्याचा खमंग वास शिरतो, मडक्यातल्या दह्याच्या हाका कानावर येतात आणि माणूस तानाजीला मनातल्या मनात नमस्कार करून भाकरीच्या दिशेने चालू लागतो. या घाईत उजव्या हाताला एक ठेंगणी दगडी इमारत मागे पडते. तिच्यापाशी कोणी थांबत नाही. फार तर पावसाची सर आली तर आडोशाला उभे राहतात.

मीही कधी थांबलो नव्हतो. महाविद्यालयात मराठी शिकवण्याला वीस वर्षे होऊन गेली. दरवर्षी एक तरी सहल या गडावर न्यायची आणि तानाजीच्या कड्यावर उभे राहून, ४ फेब्रुवारी १६७० ची ती रात्र भरल्या आवाजात मुलांना सांगायची, हा माझा नेम. मुले ती गोष्ट तल्लीन होऊन ऐकतात. निदान पिठले तयार होईपर्यंत तरी ऐकतात. पण त्या दगडी इमारतीविषयी मी मुलांना एवढेच सांगत असे, "हे दारूकोठार. चला पुढे."

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी मात्र मला तिथे तास-दीड तास उभे राहावे लागले. उभे करणारे माझे वडील होते.

अण्णांचे वय आता अठ्ठ्याहत्तर. गुडघे बोलू लागले आहेत. एरवी देवदर्शनालासुद्धा घराबाहेर पडायला नाखूश असणारा हा गृहस्थ त्या दिवशी सकाळी चहा घेता घेता एकदम म्हणाला, "सिंहगडावर एक दारूकोठार आहे ना रे? बघायचं होतं एकदा." सौ.ने माझ्याकडे पाहिले, मी सौ.कडे पाहिले. अण्णांनी काहीतरी बघायचे आहे असे म्हणण्याचा प्रसंग आमच्या घरात दहा वर्षांत आला नव्हता. आमची दहा वर्षांची राधा तर चपला घालून दारात उभीच राहिली.

गुडघ्यांमुळे पायथ्याच्या अतकरवाडीवरून चढून जाण्याचा प्रश्न नव्हता. मोटारीने निघालो. खडकवासल्याचे पाणी काठोकाठ भरलेले होते. पाऊस जाता जाता मागे वळून पाहत होता. गोळेवाडीच्या नाक्यावर गाडी थांबली, तेव्हा पाटीवरचे नाव वाचून राधेने जाहीर केले, की तोफेचे गोळे इथे तयार होत असणार आणि दारू वर. गोळे हे आडनाव असते, हे मी तिला समजावून सांगितले. पण तिला तिचेच म्हणणे अधिक पटले. खरे सांगायचे तर मलाही.

गड समुद्रसपाटीपासून सुमारे ४३०० फूट उंच. घाटातच ढग भेटले. वाहनतळापासून पायऱ्या चढून तिसऱ्या दरवाजातून आत येईपर्यंत आमचे सगळ्यांचे कपडे दमट झाले होते. पाऊस म्हणावा असा एक थेंबही नव्हता. अण्णा त्या इमारतीसमोर थांबले, काठी बगलेत धरली आणि उघड्या तळव्याने भिंत चाचपू लागले. डॉक्टर पोट तपासतात तसे. इकडे एक हात, तिकडे एक हात. मग तळवा उलटा करून पाहिला.

"इतकी जाड भिंत," ते म्हणाले, "पण आजची हवा बघ. हवेलाच पाणी सुटलंय. आणि इथे त्यांनी दारू सांभाळली!"

राधा एवढा वेळ गप्प होती. आता तिला राहवेना. "आजोबा, शिवाजी महाराजांच्या गडावर दारू?"

शेजारून चाललेल्या एका कुटुंबातील तीन माणसे थबकली. मराठीच्या प्राध्यापकाला असा प्रसंग म्हणजे पर्वणीच. मी लगेच व्याख्यान सुरू केले. दारू हा शब्द फारसीतला आणि तिथे त्याचा अर्थ औषध. आपण 'दवादारू' म्हणतो, त्यातली दारू ती हीच. आजाऱ्याच्या दवादारूची चौकशी करताना कोणाच्याही डोळ्यांपुढे बाटली येत नाही. मौज अशी, की ही स्फोटक पूड ज्या चिनी लोकांनी शोधली त्यांनीही तिला 'अग्नीचे औषध' असेच नाव दिले. औषधांची पूड कुटणाऱ्यांच्याच हातून ती निघाली असावी. मग ती तोफेत गेली, दिवाळीच्या भुईनळ्यात गेली, आणि शब्द मात्र शेवटी गुत्त्यात जाऊन बसला. थबकलेले कुटुंब समाधानाने पुढे गेले. राधेने विचारले, "मग ह्या औषधात काय काय असायचं?"

याचे उत्तर मला येत होते, पण अण्णांनी ते आधीच द्यायला सुरुवात केली होती. इथे अण्णांविषयी थोडे सांगितले पाहिजे.

अण्णांनी चौतीस वर्षे नोकरी केली ती दारूगोळ्याच्या एका सरकारी कोठारात. कोठीवरचे कारकून म्हणून लागले आणि कोठीवरूनच निवृत्त झाले. शाळेत 'माझे वडील' हा निबंध मी लिहिला, तेव्हा 'माझे वडील दारूच्या कोठारात कामाला आहेत' या वाक्यावर वर्ग जो हसला, त्यानंतर कित्येक वर्षे माझे नाव 'दारूवाला' असे पडले होते. कुणाचे वडील आगगाडी चालवीत, कुणाचे शाळा चालवीत. आमचे अण्णा पेट्या मोजत. रोज सकाळी सात वाजता डबा घेऊन जायचे, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन यायचे. आज काय झाले, असे आईने विचारले की ठरलेले उत्तर, "काही नाही."

तर अण्णांनी राधेला सांगितले. "तीन जिनसा. सोरा, कोळसा, गंधक. शंभर तोळे दारू करायची तर पंचाहत्तर तोळे सोरा, पंधरा तोळे कोळसा आणि दहा तोळे गंधक. जवळपास सगळ्या जगाचं प्रमाण पुढे इथेच येऊन ठेपलं."

सोरा मुख्यतः बिहारकडचा. जुन्या वस्तीच्या खारट मातीतून तो काढीत. सतराव्या शतकात डच, इंग्रज यांनी पाटण्याच्या आसपास वखारी घातल्या, त्यामागे हा सोरा हे एक मोठे कारण होते. गंधक समुद्रापलीकडून जहाजांनी येई. कोळसा तेवढा घरचा, रुईसारख्या हलक्या लाकडाचा. तोफ ओतायला पैसा लागे, पण एकदा ओतली की ती पिढ्यान्‌पिढ्या चाले. खरी अडचण पुढेच होती. तोफ एकदा उडाली की ती दुसऱ्यांदा भरायची कशाने? दारू हवी, गोळा हवा, दारू ठासायला गज हवा, कान्यात घालायला बारीक रंजक हवी, आणि ते पेटवायला सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेला सुती तोडा हवा. यातला गोळा उघड्यावर पडला तरी चालेल. रंजक, तोडा आणि दारू या तिघांना मात्र पाऊस सोसत नाही. तोफ गंजून जायला शंभर पावसाळे लागतात. दारूला एक आषाढ पुरतो.

"पण आजोबा, भिजली तर वाळवायची. आजी पापड वाळवायची तसं."

"सादळलेला पापड वाळवला की पुन्हा फुलतो," अण्णा म्हणाले. "दारूचं तसं नाही. पाणी लागलं की आतला सोरा विरघळतो. मग वाळवलीस की तो सोरा पाण्याबरोबर वर येतो आणि पांढरी बुरशी धरल्यासारखा पृष्ठभागावर बसतो. कोळसा, गंधक खाली राहतात. दिसायला कोरडी दिसेल, पण तिघांची मोट सुटलेली असते. बत्ती दिली तर नुसतं फुसकन होईल. म्हणून भिजल्यावर ऊन दाखवून उपयोग नाही. भिजायच्या आत दाखवायचं."

सोरा जितका शुद्ध तितकी दारू कमी सादळते, हेही त्यांनी सांगितले. सोऱ्यात साधे मीठ आणि दुसरे क्षार राहिले, की ते हवेतले पाणी ओढून घेतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीची काय दशा होते हे घरातल्या बायकांना सांगायला नको. म्हणून सोरा पुन्हा पुन्हा उकळून, निववून, त्याचे स्वच्छ खडे पाडून घ्यायचे. दारू पिठासारखी ठेवण्यापेक्षा ओली करून, वडी थापून, मग रव्यासारखी दाणेदार पाडली तर ती दमट हवेला जास्त दाद देत नाही. शिवाय पिठासारखी दारू बैलाच्या पाठीवर हिंदकळत गेली, तर जड जिन्नस खाली आणि हलका वर असा तिचा पुन्हा वेगवेगळा संसार होतो. दाण्यात तिघांना बांधून टाकलेले असते.

मी ऐकत होतो. माझ्या घरात चाळीस वर्षे हे ज्ञान जेवत होते, झोपत होते, वर्तमानपत्र वाचत होते आणि मी कधी विचारले नव्हते. मला थोडी शरम वाटली. ती झाकण्यासाठी मी माझ्या पोतडीत हात घातला. म्हटले, "अण्णा, आज्ञापत्रात याच्याबद्दल एक उतारा आहे."

आज्ञापत्र हा आम्हा मराठीच्या लोकांचा हक्काचा ग्रंथ. इ.स. १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात रामचंद्रपंत अमात्यांनी तो लिहिला. राज्य कसे चालवावे, गड कसे राखावे, आरमार कसे बांधावे याची त्यात शिकवण आहे. एम. ए.ला आम्हाला तो होता. 'आज्ञापत्राची गद्यशैली' या प्रश्नावर मी उत्तम गुण मिळवले होते आणि पुढे तोच प्रश्न अनेक वर्षे विद्यार्थ्यांना घातला. त्यातला दारूखान्याचा उतारा मला आटोपशीर वाक्यांचा नमुना म्हणून आवडतो. तो काय सांगतो याकडे, आता कबूल करायला हरकत नाही, मी फारसे लक्ष दिले नव्हते.

"सांग," अण्णा म्हणाले आणि एका दगडावर बसले.

मी आठवेल तसे सांगू लागलो. पहिली गोष्ट, दारूखाना राहत्या घराच्या जवळ, घराच्या टापूत असू नये. सदरेपासून बेताच्या अंतरावर तो वेगळा बांधावा.

"बरोबर. आमच्याकडे कोठ्यांभोवती मातीचे उंच बांध होते. दोन कोठ्यांतलं अंतरसुद्धा मालाच्या वजनावर ठरायचं. एक गेली तर दुसरी जाऊ नये. पुढे?"

भोवती निर्गुडी वगैरे झाडांची दाट कुंपणे घालावी.

अण्णा जरा विचारात पडले. "निर्गुडी हिरवी राहते. ढोरं तोंड लावत नाहीत. बाहेरून ठिणगी उडत आली तर पाल्यात विझेल. आणि उगाच आत शिरणाऱ्याला आडकाठी. माझा आपला अंदाज. पुढे?"

तळघर करावे, जमीन चुन्याने गच्च करावी, त्यात माच घालून त्यावर दारूची मडकी, बस्ते ठेवावेत. जमिनीला टेकू देऊ नयेत.

"माच!" अण्णांनी काठी जमिनीवर आपटली. "आम्ही लाकडी फळ्यांवर थप्पी लावायचो. जमिनीपासून वर आणि भिंतीपासून हातभर लांब. हवा फिरायला पाहिजे आणि माणसाचा हात मागे पोचायला पाहिजे. जिथे हात पोचत नाही तिथे खराबी सुरू होते. पुढे?"

दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन माल बाहेर काढावा, उन्हाची ऊब द्यावी आणि पुन्हा मोहोर करून ठेवावा. रात्रंदिवस राखणीला माणसे असावीत आणि परवानगीवाचून कोणाला आसपास फिरकू देऊ नये.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोणी लिहिलं म्हणालास?"

"रामचंद्रपंत अमात्यांनी."

"कोठीवर काम केलेलं दिसतंय," अण्णा म्हणाले.

ग्रंथांवर आजवर बरेच अभिप्राय वाचले, पण इतका नेमका अभिप्राय मी वाचलेला नाही.

राधेला मात्र शंका होती. "आठ-पंधरा दिवसांनी ऊन द्यायचं, ते ठीक. पण आषाढात इथे ऊन कुठून आणणार?"

"उघडीप बघत बसायचं. आज नाही पडलं तर उद्या. तासभर पडलं तर तासभर. काढायचं, पसरायचं, पोरं-ढोरं, चिलीम ओढणारे दूर ठेवायचे, ढग आला की पुन्हा आत. तेच काम."

राधा भिंतीकडे पाहत राहिली. मलाही पहिल्यांदाच तिथे तानाजी, उदेभान यांच्याखेरीज आणखी कोणी दिसला. डोक्यावर घोंगडीची खोळ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आभाळाकडे बघत उभा असलेला एक हवालदार. कल्याण दरवाजाकडून ढग वर चढतो आहे आणि याची चाळीस मडकी अंगणात. त्याच्या नावाचा कडा नाही, बुरूज नाही. या गडाने माणसे लक्षात ठेवली आहेत ती चढून आलेली, लढलेली, पडलेली. राजाराम महाराजांनी मार्च १७०० मध्ये इथे देह ठेवला, त्यांचे स्मारक आहे. टिळक उन्हाळ्यात राहायला येत, त्यांचा बंगला आहे. ऊन देणाऱ्याचे काही नाही. त्याने आपले काम नीट केले, त्या दिवसांची कुठे नोंद होण्याचे कारणच नव्हते.

या कोठाराची एकच तारीख सांगितली जाते. ११ सप्टेंबर १७५१. भाद्रपदातला, परतीच्या पावसाचा काळ. कोठारावर वीज कोसळली, साठा उडाला. गडाच्या फडणिसाचे घर त्यात उद्ध्वस्त झाले आणि घरातली सगळी माणसे गेली.

हे मी पाटीवरचे वाचावे तसे सांगून टाकले. अण्णा म्हणाले, "घर जवळ होतं."

मी गप्प झालो. दारूखाना राहत्या घराजवळ नसावा, हे अमात्यांनी लिहिल्याला त्या वेळी पस्तीस-छत्तीस वर्षे होऊन गेली होती. ते वाक्य मी शैलीसाठी पाठ केले होते. फडणिसाच्या घरात त्या संध्याकाळी काय चालले असेल? पाऊस म्हणून मुले आतच असतील. चूल पेटलेली असेल. कोठाराशेजारी राहायची सवय झालेली असेल. सवय झाली की माणसाला शेजार दिसेनासा होतो.

"मग ही भिंत कशी राहिली?" राधेने विचारले.

"दगड पुन्हा रचता येतात," अण्णा म्हणाले.

वीज आवरायला आता इमारतीवर धातूचा सुळका आणि जमिनीत नेलेली पट्टी असते. ती युक्ती बेंजामिन फ्रँकलिनने सुचवली आणि तिचा पहिला यशस्वी पडताळा फ्रान्समध्ये आला तो १७५२ साली, म्हणजे फडणिसाचे घर गेल्यानंतर वर्षभराच्या आतच. अण्णांच्या कोठ्यांवर असे सुळके होते. पावसाळ्याच्या आधी एकेका पट्टीची तपासणी व्हायची. बुटाला लोखंडी खिळा चालत नसे, हत्यारे पितळेची किंवा लाकडाची. लोखंडावर लोखंड घासले तर ठिणगी पडते. फाटकावर आगपेटी काढून ठेवायची. एकदा भेटीला आलेल्या एका बड्या साहेबाने आगपेटी द्यायला का-कू केली, तेव्हा पहारेकऱ्याने त्याला अर्धा तास उन्हात उभे केले होते. अण्णांच्या आयुष्यातली सांगण्यासारखी गोष्ट ही एवढीच आणि ती ते फार रंगवून सांगतात.

पण आजची दारू ही ती काळी दारू नव्हे, हे त्यांनी त्या दिवशी मला पहिल्यांदा सांगितले. धूर न करणारी नवी दारू फ्रान्समध्ये १८८४ साली निघाली. कापसासारख्या तंतूंवर तीव्र आम्लांची क्रिया करून ती तयार होते. "काळी दारू कोरडी ठेवली तर दोनशे वर्षांनीही पेटेल. तिचा वैरी बाहेर, पाणी. नव्या दारूचा वैरी तिच्या आतच. ती नुसती पडून असली तरी हळूहळू विरते, आतून आम्ल सुटतं. उष्णता वाढली की ते जास्त सुटतं. म्हणून बनवतानाच तिच्यात एक द्रव्य घालतात, ते हे आम्ल शोषून घेतं. पण ते संपत जातं. किती उरलंय ते ठरावीक काळाने तपासायचं. कमी झालं की तो माल वेगळा काढून नष्ट करायचा. नाहीतर एक दिवस तो आपल्या आपण तापतो." म्हणून रोज सकाळ-दुपार कोठीतली उष्णता आणि दमटपणा वहीत टिपायचा. जुना माल आधी बाहेर, नवा मागे. "चौतीस वर्षं आकडे लिहिले," अण्णा म्हणाले. "दोन सकाळी, दोन दुपारी."

ते आकडे मला माहीत होते. लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेलो असताना मी ती वही पाहिली होती. पानेच्या पाने सारखी. आणि माझ्या पंचविसाव्या वर्षी, नव्या एम. ए.चा माज अंगात असताना, कशावरून तरी वाद होऊन मी त्यांना बोलून गेलो होतो, "तुम्ही आयुष्यभर केलंत तरी काय? काही घडलं का तुमच्या आयुष्यात?" ते शांतपणे म्हणाले होते, "नाही. काही घडू दिलं नाही." मला ते माघार घेण्यासारखे वाटले होते. वाद मी जिंकलो अशी माझी समजूत होती. ती वीस वर्षे टिकली.

काही घडते तेव्हा काय होते हे मुंबईला माहीत आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकीन' या बोटीत कापसाचे गठ्ठे आणि सुमारे १४०० टन स्फोटके एकत्र होती. कापूस पेटला, दुपारी चारनंतर बोट उडाली आणि गोदीच्या आसपासचा भाग जळाला. शेकडो माणसे मेली. विझवायला गेलेले बंबवाले तर जागच्या जागी गेले. त्यांच्यासाठी आपल्या देशात दर १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात. आणि अगदी अलीकडे, ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा कोठाराला आग लागली. अधिकारी गेले, आग विझवणारे जवान गेले. त्या सकाळी अण्णांनी बातम्या लावल्या, दोन मिनिटे पाहिल्या आणि बंद केल्या. दिवसभर जेवले नाहीत. आम्ही समजलो, उन्हाळ्याने भूक नसेल.

हे सगळे त्या दगडी भिंतीशी उभे राहून एकदम ध्यानात आले. अण्णांना मात्र यातले काही सांगता आले नाही. मुलगा बापाला असे काही सांगू शकत नाही, निदान आमच्या घरात तशी पद्धत नाही. मी एवढेच म्हणालो, "अण्णा, पुढच्या वर्षी मुलांची सहल आणीन तेव्हा तुम्ही या. हा उतारा तुम्ही शिकवा."

"मला कसला उतारा शिकवता येतोय?" ते उठत म्हणाले. "चल, त्या पोरीला भूक लागली असेल."

राधेला खरोखरच लागली होती. पिठले आले, भाकरी आली, कांदा फोडला. भाकरी करणाऱ्या बाई गडाच्या पायथ्याच्या वाडीतल्या. सरपण झोपडीच्या आत, उंच फळीवर, भिंतीपासून सोडून रचलेले होते. अण्णांनी ते पाहिले आणि विचारले, "बाई, लाकूड भिंतीला का नाही लावलं?"

"दमट व्हतं की, बाबा. पावसाळ्यात पेटत न्हाई मग." बाईंना या प्रश्नात काही विशेष वाटले नाही. अण्णांनी आणखी एक भाकरी मागितली. गुडघ्यांमुळे त्यांचा आहार मोजका असतो. त्या दिवशी मोजायला कोणी धजले नाही.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी दिवाळी आली. शाळेत शपथ घेतल्यामुळे राधेने फटाके बंद केले आहेत. तिला आवाज नको, धूर नको. फुलबाज्या तेवढ्या चालतात, कारण त्यांच्याबद्दल शपथेत काही म्हटलेले नव्हते. आदल्या वर्षीच्या दोन पेट्या माळ्यावर सापडल्या. हात लावला तर मऊ. मी म्हटले, टाकून देऊ, नव्या आणू. अण्णांनी पेट्या माझ्या हातातून घेतल्या.

धनत्रयोदशीच्या सकाळी गच्चीवर गेलो तो एक जुनी सुती साडी अंथरलेली. तिच्यावर फुलबाज्या एकमेकींना न टेकता, ओळीने मांडलेल्या. शेजारी पाण्याची बादली. उन्हाच्या बाजूला खुर्ची टाकून अण्णा बसलेले, आणि त्यांच्या पायाशी राधा, मांडीवर वही घेऊन. वहीत तिने दोन रकाने आखले होते. एकावर लिहिले होते 'ऊन', दुसऱ्यावर 'ढग'.

"काय झालं?" मी विचारले.

"काही नाही," दोघेही एकदम म्हणाले.

मी खाली गेलो आणि आणखी एक खुर्ची घेऊन आलो.